रिकामे पात्र झाकू नये

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या युवक-पालक मेळाव्यातील भाषण)

 

आजच्या कार्यक्रमात चांगली नोकरी कशी मिळवावी, व्यवसाय कसा वाढवावा, यावर अनुभवी वक्ते बोलणार आहेत. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो की, मिळालेली नोकरी सुरुवातीलाच गेली तर काय करावे, यावर मला बोलू द्या. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी असा विषय कशाला, अशी शंका काहींना आली. परंतु पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडताना केवळ जमेची बाजू वाचून दाखविणे आम्हा व्यापाऱ्यांना शोभत नाही. नावेची बाजूही वाचावी लागते.

या विषयाला एक ताजे निमित्तही आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तेव्हापासून माझ्या दुकानात येणारे पालक विचारतात, ‘शेठ, मुलाला वैमानिक करावे म्हणतो, तुमच्या घरात एक आहे ना?’ होय, आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याचे नाव मी येथे घेत नाही. आपल्यापैकी पुष्कळजण त्याला ओळखतातच. त्याची परवानगी घेऊनच मी आज उभा आहे. किंबहुना, ‘मामा, सांगायचे तर सगळे सांगा, तुमचेसुद्धा,’ अशी त्याची अट आहे.

प्रथम हा मार्ग कसा आहे ते थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, किमान 18 वर्षे वय, पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा आणि 200 तासांचे उड्डाण, एवढे झाले की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. परंतु तेवढ्याने मोठे विमान हाती येत नाही. एअरबस किंवा बोईंग, ज्या जातीचे विमान चालवायचे तिचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याचा खर्च पुन्हा लाखांच्या घरात जातो. भाच्यासाठी 40 लाखांचे कर्ज काढले. खोपोलीची सदनिका तारण ठेवली आणि जामीनदार म्हणून मी सही केली. महिन्याचा हप्ता साधारण 53 हजार. आमच्या दोन्ही घराण्यांत तागे मोजणारे पुष्कळ झाले, ढगांवरून जाणारा हा पहिलाच. 2019 च्या आरंभी तो सहवैमानिक म्हणून रुजू झाला, तेव्हा मी अख्ख्या बाजारपेठेत पेढे वाटले. याच ट्रस्टच्या गुणगौरव समारंभात त्याचे नाव पुकारले गेले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. देशांतर्गत उड्डाणे 25 मार्चपासून थांबली, ती 25 मे रोजी पुन्हा सुरू झाली. पण विमाने अर्धीमुर्धी रिकामी. कोठे पगार कापले गेले, कोठे बिनपगारी रजा आली, कोठे माणसे कमी झाली. त्याच पावसाळ्यात भाच्याला कंपनीचे पत्र आले. सेवेची आवश्यकता उरली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी त्याचे वय 25, नोकरी दीड वर्षाची आणि कर्जाची जवळजवळ नऊ वर्षे शिल्लक.

आता माझी चूक सांगतो. बहिणीचा रडवेला फोन आला तेव्हा मी पहिले वाक्य बोललो ते असे: ‘हे बाहेर कुणालाही कळता कामा नये.’ मुलगा कसा आहे, जेवला का, हे मी नंतर विचारले. मला समाजाची भीती वाटली. ज्यांना पेढे दिले त्यांना काय सांगायचे, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. मीच युक्ती काढली. त्याने पूर्वीप्रमाणे आठवड्यातून काही दिवस आपली उड्डाणाची बॅग मोटारसायकलला बांधून खोपोलीहून निघावे, कर्जतला माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर येऊन बसावे आणि रात्री परत जावे. शेजाऱ्यांना वाटावे, ड्यूटीवर गेला. त्याप्रमाणे तो पाच महिने करीत राहिला. खाली मी गिऱ्हाइकांना कापड दाखवीत असे आणि वर वैमानिकाचा परवाना असलेला तरुण ताग्यांच्या ढिगात गप्प बसलेला असे.

त्याच सुमारास पुण्याकडील एका चांगल्या घराण्यातून त्याच्या विवाहाची बोलणी चालू होती. त्यांनाही आम्ही काही सांगितले नाही. दिवाळीनंतर त्यांना ते अन्य कोणाकडून कळले. मुलीच्या वडिलांचा मला फोन आला. ते शांतपणे म्हणाले, ‘शेठजी, नोकरी गेल्याचे आम्हाला काही नाही. महामारीत कोणाचे काय गेले नाही? पण तुम्ही आम्हाला सांगितले नाहीत. आता बाकीच्या गोष्टी तरी खऱ्या कशा मानायच्या?’ बोलणी तेथेच संपली. चाळीस वर्षांच्या धंद्यात माझ्या दुकानच्या मापावर कोणी संशय घेतला नव्हता. तो त्या दिवशी घेतला गेला, आणि योग्यच घेतला गेला.

मी तो प्रकार भाच्याला सांगितला तेव्हा त्याने एकच वाक्य उच्चारले. ‘मामा, पत्र आले त्या दिवशी मी एकदा पडलो, पण ती बॅग बांधताना मी रोज पडत होतो.’

बंधू-भगिनींनो, आपण प्रतिक्रमणात अठरा पापस्थानके मोजतो. त्यांतले सतरावे मायामृषावाद, म्हणजे कपटाने बोललेले असत्य. ते मी कित्येक वर्षे तोंडाने म्हणत आलो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आणि त्यातले सर्वांत वाईट हे की, असत्य माझ्या प्रतिष्ठेसाठी होते आणि त्याचे ओझे मी एका पंचवीस वर्षांच्या मुलाच्या पाठीवर बांधले.

आपल्या शास्त्रांत साधूने सोसावयाचे बावीस परीषह सांगितले आहेत. त्यांत क्षुधा, तृषा, शीत, उष्ण यांच्याबरोबर एक ‘अलाभ’ परीषह आहे. मागूनही न मिळणे, आणि न मिळाल्याने मन दीन होऊ न देणे. याचा आदर्श म्हणून ढंढण मुनींची कथा व्याख्यानात आपण ऐकली आहे. कृष्ण वासुदेवांचे पुत्र आणि भगवान नेमिनाथांचे शिष्य. पण द्वारकेसारख्या समृद्ध नगरीत त्यांना गोचरी मिळेना. पूर्वभवी त्यांनी नांगरणाऱ्या माणसांना व बैलांना जेवणाच्या वेळी अडवून ठेवले होते, त्याचे ते अंतराय कर्म. त्यांनी अभिग्रह घेतला की, स्वतःच्या लब्धीने मिळेल तेच घेईन. पुढे एका गृहस्थाने मोदक वहोरावले. परंतु ते कृष्णांनी मुनींना वंदन केलेले पाहून दिले आहेत, हे प्रभूंकडून कळताच मुनींनी ते स्वीकारले नाहीत आणि ते परठविताना त्यांना केवलज्ञान झाले.

ही कथा मी लहानपणापासून ऐकतो. परंतु तिच्यातील एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. महिनोन्महिने ते मुनी रिकामे पात्र घेऊन परत येत होते आणि सर्वांसमोर येत होते. पात्र रिकामे आहे हे त्यांनी झाकले नाही. राजपुत्र असूनही त्यांना त्याची लाज वाटली नाही. आम्ही मात्र आमच्या मुलाचे रिकामे पात्र बॅगेत घालून, तिचा पट्टा आवळून, रस्त्यावरून मिरवीत नेले.

येथे कर्मसिद्धांताविषयी एक नम्र विनंती करतो. कोणावर असा प्रसंग आला की आपल्यातले काहीजण सहज म्हणतात, ‘ज्याचे त्याचे कर्म.’ कर्माचा विचार स्वतःच्या दोषाकडे पाहण्यासाठी दिलेला आरसा आहे. दुसऱ्याच्या तोंडावर मारण्यासाठी तो दिलेला नाही.

आता मुलांनो, तुमच्याशी बोलतो. नोकरी गेली म्हणजे आपण नालायक ठरलो, असा समज प्रथम मनातून काढा. त्यासाठी थोडा इतिहास पाहू. जेट एअरवेजने ऑक्टोबर 2008 मध्ये सुमारे 1900 कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे ठरविले. त्यांत बहुतेक नव्याने लागलेली तरुण मुले-मुली होती. मोठा गदारोळ झाला आणि दोन दिवसांत तो निर्णय मागे घेतला गेला. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली. तीच जेट एअरवेज, जिने 1993 मध्ये आरंभ केला होता, ती 17 एप्रिल 2019 च्या रात्री शेवटचे उड्डाण करून बंद झाली आणि हजारो कुटुंबे एकाच रात्री अधांतरी राहिली. गो फर्स्ट ही मुंबईची कंपनी इंजिनांच्या अडचणीमुळे मे 2023 मध्ये थांबली. या प्रत्येक वेळी उत्तम वैमानिकांच्याही नोकऱ्या गेल्या. त्यांच्या हातातले कौशल्य आदल्या दिवशी होते तेवढेच दुसऱ्या दिवशीही होते.

हा धंदा असा का आहे, हे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला समजणे कठीण नाही. इंधनाचा खर्च फार मोठा आणि त्याचा भाव आपल्या हाती नाही. विमाने बहुधा भाड्याची आणि भाडे डॉलरमध्ये. तिकिटाचे दर मात्र स्पर्धेमुळे खाली. नफा पातळ, ठरलेला खर्च जाड. आमच्या धंद्यात माल पडून राहिला तर पुढच्या सणाला सवलतीत तरी जातो. विमानातले रिकामे आसन विमान उडाले की कायमचे वाया. त्यामुळे मंदीचा धक्का तेथे लगेच बसतो. आणि माणसे कमी करायची वेळ आली की बहुधा शेवटी आलेला आधी जातो. तो शेवटी आलेला असतो, एवढाच त्याचा दोष.

पण वही दुसऱ्या बाजूनेही वाचा. 2020 मध्ये वैमानिक जास्त झाले होते. फेब्रुवारी 2023 मध्ये टाटांच्या एअर इंडियाने 470 विमानांची आणि जून 2023 मध्ये इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदविली. डिसेंबर 2025 च्या पहिल्या पंधरवड्यात तर, वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार पुरेसे वैमानिक उपलब्ध नसल्याने देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. साडेपाच वर्षांत जास्तीची टंचाई झाली. मंदी कायम राहत नाही आणि तेजीही राहत नाही. बारा भावनांतली पहिली अनित्य भावना आपण वैराग्यासाठी चिंतितो. तिच्यात धीरही आहे.

मग मधल्या काळात करायचे काय? आम्ही पाच महिने वाया घालविल्यानंतर जे केले ते सांगतो. त्यातले पुष्कळसे कोणत्याही नोकरीला लागू पडेल.

पहिली गोष्ट, रोजमेळ लिहिला. भाचा, त्याचे आई-वडील, मी आणि माझी पत्नी एका रात्री गादीवर बसलो. शिल्लक किती, हप्ता किती, घरखर्च किती, किती महिने निभाव लागेल, हे कागदावर मांडले. न मांडलेला आकडा रात्री झोप उडवितो; मांडलेला आकडा कितीही वाईट असला तरी त्याच्याशी बोलता येते. लगेच बँकेत जाऊन व्यवस्थापकांना सर्व खरे सांगितले. 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने दिली होती. पण त्या काळातले व्याज थांबले नव्हते, हे पुष्कळांना कळलेच नाही. हप्ता चुकण्याआधी बँकेकडे जाणारा आणि चुकल्यानंतर बोलावणे आल्यावर जाणारा, यांच्याकडे पाहण्याची दृष्टी वेगळी असते. आम्ही पेढीवाल्यांनी तरी हे विसरू नये.

दुसरी गोष्ट, कागदपत्रे. नोकरीतून निघताना राग येतो, मन विटते आणि माणूस कागद न घेता बाहेर पडतो. अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचे पत्र, येणे बाकीचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधीचा तपशील आणि वैमानिकाच्या बाबतीत उड्डाणतासांची प्रमाणित नोंद, हे सर्व शांतपणे मागून घ्यावे. त्या नोंदीतला प्रत्येक तास पुढच्या दारात नाणे म्हणून चालतो.

तिसरी गोष्ट, भांडवल जपावे. दुकान चार महिने बंद ठेवावे लागले तरी शहाणा व्यापारी ताग्यांना कसर लागू देत नाही. वैमानिकाचे भांडवल म्हणजे त्याचा परवाना, प्रकृती आणि सराव. चाळिशीच्या आतील वैमानिकाची वैद्यकीय तपासणी दरवर्षी करावी लागते. मागच्या 90 दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झाली नसतील तर तो प्रवासी घेऊन जाऊ शकत नाही. पुन्हा सराव व चाचणी आली. विमानासारख्या हुबेहूब यंत्रावर होणाऱ्या त्या चाचण्यांचा खर्च मोठा असतो. आम्ही ठरविले की, घरातला इतर खर्च आवळू, पण तपासणी व परवान्याची मुदत चुकू द्यायची नाही. मुख्य वैमानिक होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला 1500 तास लागतात; तेवढे तास त्याच्यापाशी नव्हते, पण लेखी परीक्षांचा अभ्यास करायला तासांची अट आड येत नव्हती. जेथे तो लपून बसत असे त्याच पोटमाळ्यावर दिवा लावून त्याने तो अभ्यास केला.

चौथी गोष्ट, हाताला काम. येथेही माझी चूक झाली. मी म्हणालो, ‘सोड ते विमान, गल्ल्यावर बस, दुकान तुझेच.’ मला ते औदार्य वाटले. माझी पत्नी म्हणाली, ‘त्याला दुकान द्या, पण त्याचे आकाश काढून घेऊ नका.’ मग असे ठरले की, तो सकाळी दुकानाचे जीएसटीचे हिशेब सांभाळील आणि त्याचा रीतसर पगार घेईल. सायंकाळी खोपोलीत बारावीच्या मुलांना गणित व भौतिकशास्त्र शिकवील. पहिल्या दिवशी त्याने मीटर हाती घेऊन एका बाईंना परकराचे कापड मोजून दिले. त्या बाईंनी विचारले, ‘तू विमानात होतास ना रे?’ तो म्हणाला, ‘होतो. नोकरी गेली. पुन्हा मिळेपर्यंत मामांकडे आहे.’ मी गल्ल्यावरून ऐकत होतो. आकाश कोसळले नाही. बाई म्हणाल्या, ‘मिळेल हो. अर्धा मीटर जास्त फाड.’

येथे पुणिया श्रावकाची आठवण होते. कापसाच्या पुण्या विकून तो निर्वाह करी. पती-पत्नी आळीपाळीने उपवास करून रोज एका साधर्मिकाला जेवू घालीत. त्याच्या एका सामायिकाचे मोल राजा श्रेणिकाला देता आले नाही. ज्या समाजाचा आदर्श पुण्या विकणारा आहे, त्या समाजात कोणत्याही प्रामाणिक कामाची लाज कशी असू शकेल?

पाचवी गोष्ट, सावधगिरी. बेकार माणसाभोवती दलाल जमतात. ‘इतके लाख भरा, परदेशात बसवितो,’ असे दोन फोन त्याला आले. नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा. सहावी गोष्ट मनाची. रोज 48 मिनिटांचे सामायिक त्याने धरले आणि त्याचा त्याला आधार झाला. पण मी हेही सांगतो की, झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर धर्माराधनेबरोबर डॉक्टरांकडेही न्यावे. ताप आल्यावर आपण नेतोच ना? त्यात श्रद्धेची उणीव काही नाही.

आता समाज म्हणून आपले कर्तव्य. प्रथम तीर्थंकर ऋषभदेव भगवान दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ आहाराविना विचरत राहिले. लोक निर्दय होते म्हणून तसे झाले नाही. लोक हत्ती, घोडे, रत्ने, वस्त्रे घेऊन पुढे येत होते. भिक्षा कशी द्यावी, हेच त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने इक्षुरस वहोरावला आणि पारणे झाले. अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी आपण थाटाने करतो. परंतु त्या कथेतील हे मर्म आपल्यालाही लागू आहे. नोकरी गेलेल्या घरी आपण जातो आणि उपदेश देतो, दया देतो, दुसऱ्याच्या मुलाची यशोगाथा देतो. त्याला हवा असतो पेलाभर इक्षुरस: एखादी ओळख, एखादे चार महिन्यांचे काम, हप्त्याची एखादी उसनवारी, किंवा नुसते नेहमीसारखे बोलणे.

1982 सालचा एक प्रसंग सांगतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि पुष्कळांनी गावाची वाट धरली. मी नुकताच बी.कॉम. होऊन वडिलांच्या दुकानी बसू लागलो होतो. जूनमध्ये आमच्या तालुक्यातील एक गिरणी कामगार दोन मुलांना घेऊन शाळेच्या गणवेशाचे कापड घ्यायला आले. ज्या हातांनी आयुष्यभर कापड विणले, त्या हातांत कापडाला पैसे नव्हते. मी उधारीच्या वहीत रक्कम लिहिताना सवयीने मोठ्याने म्हटली. ते गेल्यावर वडील मला म्हणाले, ‘उधारी लिहिताना आकडा तोंडाने उच्चारायचा नाही. मुले ऐकत असतात.’

मला वाटे, 2020 मध्ये मी केले तेही वडिलांच्या शिकवणीप्रमाणेच केले; गुप्तता राखली. फार उशिरा दोहोंतला भेद कळला. वडिलांनी दुसऱ्याच्या मानासाठी मौन पाळले. वहीत मात्र आकडा खरा लिहिला. मी स्वतःच्या मानासाठी वहीच खोटी लिहिली. साधर्मिक भक्ती करताना हा भेद आपण ध्यानी ठेवू या. मदत गुप्त असावी, परंतु अडचण सांगण्याची लाज वाटू नये, अशी हवा समाजात असावी.

आपण कर्जतकरांना याहून जवळचा दाखला आहे. भोर घाटाची चढण काही ठिकाणी 37 फुटांना एक फूट इतकी आहे. 1863 पासून या घाटातून रेल्वे जाते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने लावतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. पुढचे इंजिन दुबळे असते म्हणून ती लावतात असे नाही. चढणच तशी आहे. ही इंजिने गाडीला मागून रेटतात, लोणावळ्याला सुटी होतात आणि पुढच्या गाडीसाठी परत येतात. गाडीच्या पाटीवर त्यांचे नाव नसते, पुण्याला त्यांचे स्वागत होत नाही. आपल्या ट्रस्टने पुढील पन्नास वर्षांत अशा काही इंजिनांची व्यवस्था करावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. शिक्षणासाठी आपण सहाय्य देतोच. आता नोकरी गेलेल्या युवकाच्या शैक्षणिक कर्जाचे सहा महिन्यांचे व्याज बिनबोभाट भरणारा एक लहानसा निधी असावा. कोणत्या क्षेत्रात आपली कोण माणसे आहेत याची सूची असावी. आणि गुणगौरव समारंभात नाव पुकारलेल्या मुलांची दोन वर्षांनी एकदा विचारपूस व्हावी. टाळी वाजविणाऱ्याचे एवढे देणे लागते. त्या निधीसाठी माझा पहिला वाटा मी आज कार्यालयात जमा केला आहे. रक्कम बोलत नाही. वडिलांची शिकवण आहे.

भाच्याचे पुढे काय झाले, हे आपण विचारणारच. जवळजवळ दोन वर्षांनी, 2022 च्या जुलैत, दुसऱ्या कंपनीत त्याची निवड झाली. आरंभी पगार पूर्वीपेक्षा कमी होता, तरी तो गेला. आज कर्ज निम्म्याहून अधिक फिटले आहे. त्याच्या बरोबरीचा एक मित्र मात्र परत उडू शकला नाही. त्याने मालवाहतुकीच्या व्यवसायात नोकरी धरली आणि तो तेथे सुखी आहे. दोघांनीही आपापला निर्णय डोळे उघडे ठेवून घेतला, म्हणून मी दोघांनाही यशस्वी मानतो. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलांना मी परावृत्त करीत नाही. फक्त कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी, ‘पहिल्या दोन वर्षांत नोकरी गेली तर हप्ता कोठून येईल?’ हा प्रश्न घरात एकदा मोठ्याने विचारा. उत्तर सापडल्यावर खुशाल उडा.

ते मोडलेले लग्न पुन्हा जुळले नाही. काही नुकसान भरून येत नाही. ते नावे टाकावे लागते. त्याचे खाते माझ्या नावावर आहे.

दरवर्षी संवत्सरीला आपण सर्वांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. समूहाला म्हणताना ते सोपे जाते. आज माझा भाचा शेवटच्या रांगेत त्याच्या आईशेजारी बसला आहे. सुट्टी काढून आला आहे, आणि या वेळी सुट्टी खरी आहे. त्या पाच महिन्यांसाठी, त्या बॅगेसाठी, मामा म्हणून मी त्याला या भरल्या सभेत हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणतो.